कालीपा एजेनं पाहिलेली अल्बार्स्ती

"या गावात डोकं फक्त सासूचं दुखतं. सुनेला डोकं असतं, याचा शोध अजून लागायचाय."

असं कालीपा एजे एकदा जिल्ह्याच्या बैठकीत उभी राहून म्हणाली होती. बैठक बाळंतपणातले मृत्यू कमी करण्यासाठी भरली होती. लोक पोट धरून हसले, इतिवृत्तात 'खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली' अशी ओळ पडली, आणि मंडळी पुलावाच्या वासाच्या दिशेनं उठली. मृत्यू जिथल्या तिथं राहिले.

कालीपा ही तुयूक-झार या डोंगरातल्या गावची सुईण. सरकारी कागदावर तिचं पद दीड ओळीचं होतं. प्रत्यक्षात एक खोली, एक शेगडी आणि एक वजनकाटा. काटा दोन किलो जास्त दाखवी, म्हणून गावच्या बायका त्याच्याकडे पाठ करून बसत. त्या खोलीत तिची एकतीस वर्षं गेली. नवरा लवकर वारला, मुलगी लग्न होऊन राजधानीत गेली, आणि औषधाच्या पिशवीनं कालीपाचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली उतरला. लहानथोर सगळे तिला एजे म्हणत, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. थोरल्या बहिणीचं जितपत ऐकतात, तितपतच तिचं ऐकत.

पिशवीत दोनदा शिवलेल्या पट्ट्याचं रक्तदाबाचं यंत्र असे. लघवी उकळून बघायला काचनळी आणि स्पिरिटचा दिवा. एका लोकरी मोज्यात मॅग्नेशियमची इंजेक्शनं आणि दुसऱ्या मोज्यात कॅल्शियमचं एकच. मॅग्नेशियम झटके थांबवतं. पण ते जास्त झालं तर बाई श्वास घ्यायचंही थांबवते. तेव्हा तिला आठवण करून द्यायला ते दुसरं.

शिकत असताना कालीपाला सांगितलं होतं की गरोदरपणात झटके आलेल्या बाईला अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, पडदे ओढायचे, चमचासुद्धा वाजू द्यायचा नाही. तरुणपणी तिनं दोघींना तसं ठेवलं. दोघी फार शांतपणे गेल्या. तेव्हापासून तिचा शांततेवरचा विश्वास उडाला आणि ती बडबडी झाली.

गावाचं शास्त्र वेगळं होतं, आणि ते कालीपाच्या शास्त्राहून जुनं आणि सोपं होतं. बाईला झटका आला म्हणजे अल्बार्स्ती आली. ही बया बाळंतिणीच्या, गरोदर बाईच्या उरावर बसते, तिचं फुप्फुस चोरते आणि पाण्याकडे पळते. फुप्फुस पाण्यात बुडवलं की बाई संपली. म्हणून अंगात वारसा असलेला एक माणूस चाबूक आणि बंदूक घेऊन बयेला हुसकायला येतो, आणि बाकीचे पुरुष जवळच्या पाण्यावर पहारा करतात. या उपायात बाईकडे बघावंही लागत नाही, त्यामुळे पुरुषांमध्ये तो फार लोकप्रिय होता.

तुयूक-झारात हा वारसा सार्तबाय-आकेकडे होता; आके म्हणजे थोरला भाऊ. वय सहासष्ट, दाढी पांढरी, चाबूक आजोबांचा, बंदूक त्याहून जुनी. शिवाय गावातली एकुलती एक चारही चाकांनी ओढणारी गाडी त्याचीच होती. दर शुक्रवारी हा बयांचा कर्दनकाळ मागच्या दारानं कालीपाकडे येई आणि बाही वर सरकवून म्हणे, "बघ गं, किती भरतंय." कालीपा त्याचा रक्तदाब मोजी, गोळ्या देई. यातलं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मार्चचे पहिले दिवस होते. बर्फ वितळून चिखल होत होता आणि चिखल पुन्हा गोठत होता. तोक्तोबुबूची सून बेगायिम हिनं तपासणीच्या तीन तारखा चुकवल्या, म्हणून कालीपा रबरी जोडे चढवून बोलावल्याशिवायच तिच्या घरी गेली. बेगायिम वीस वर्षांची, घाटापलीकडल्या गावची, पोट आठव्या महिन्याचं. नवरा रशियात विटा चढवत होता आणि महिन्यातून एकदा फोनवर दिसत होता.

घरात पाहुणे होते. नवऱ्याची आत्या साकिश आणि तिच्या दोन जावा भिंतीशी, मानाच्या जागी, रजयांवर बसल्या होत्या. मधे पसरलेल्या कापडावर बोर्सोकचे तळलेले तुकडे, सायीची वाटी, सुकामेवा. मागे चुलीवर मेंढी शिजत होती.

"आलीस? ये," तोक्तोबुबू म्हणाली. "आज काही मोजायचं नाही हं. माणसं आहेत घरात."

"सुनेच्या तीन तारखा चुकल्या."

"पोटातलं सारखं सारखं मोजू नये, दृष्ट लागते. आणि मोजायचंय काय? बघ तरी पोरीकडे. आली तेव्हा काडी होती. आमचं अन्न अंगी लागलंय."

कालीपानं पाहिलं. बेगायिमचा चेहरा फुगला होता, पापण्या जाड झाल्या होत्या, बोटांत अंगठी रुतली होती. अन्न पापण्यांना लागलेलं तिनं एकतीस वर्षांत अनेकदा पाहिलं होतं.

बेगायिम दाराशी गुडघ्यावर बसून चहा ओतत होती. आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धा पियाला देतात. अर्धा म्हणजे बस, अजून माग, गप्पा बाकी आहेत. काठोकाठ भरला म्हणजे पी आणि नीघ. शेंबडं पोरसुद्धा यात चूक करत नाही. बेगायिमनं साकिशचा पियाला काठोकाठ भरला.

साकिशनं पियाल्याकडे पाहिलं, मग भावजयीकडे. "तोक्तोबुबू, तुझ्या सुनेनं आम्हाला रस्ता दाखवला वाटतं."

"वेंधळी आहे गं. मनावर घेऊ नकोस."

दुसरा पियालाही तुडुंब भरला. तिसऱ्या वेळी धार पियाल्याच्या शेजारी पडली आणि बोर्सोक चहात तरंगू लागले.

"वेंधळी नाही, चांगली हुशार आहे," साकिश म्हणाली. "तीनदा सांगितलं तिनं. आम्हालाच ऐकू येत नाही."

जावा हसल्या. तोक्तोबुबू लाजेनं काळीनिळी झाली. कालीपा उठून सुनेजवळ जाऊन बसली.

"पोरी, समोर किती पियाले आहेत?"

बेगायिमनं सासूच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"सासूला सांगू नकोस. माझ्या कानात सांग."

"एजे, पियाले दिसतच नाहीत," ती पुटपुटली. "मी आवाजावर ओततेय."

"कधीपासून?"

"सकाळी ठिणग्या दिसत होत्या. आता नुसता धूर आहे."

"आणि डोकं?"

"चार दिवस."

"चार दिवस! मग बोलली का नाहीस?"

बेगायिमनं आवाज आणखी खाली नेला. "अपांचं दुखत होतं."

सासूचं दुखत असताना सुनेनं आपलं काढायचं म्हणजे बरोबरी करण्यासारखंच. कालीपानं तळहाताच्या कडेनं पोरीच्या गुडघ्याखाली हलकेच ठोकलं. पाय असा उडाला की सायीची वाटी साकिशच्या मांडीत जाऊन पडली.

"अगं बाई, आता लाथाही मारते!"

कालीपा तोवर पट्टा गुंडाळत होती. हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. आकडा बदलला नाही.

"एकशे ऐंशी, एकशे वीस."

"म्हणजे चांगलं की वाईट?" तोक्तोबुबूनं विचारलं.

"सार्तबाय-आकेचं एकशे साठ झालं होतं, तेव्हा त्यांनी घोडा कुणाला द्यायचा ते सांगून टाकलं होतं. हिला आत्ता जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचंय. आत्ता म्हणजे चहा टाकून. ताप मेंदूत चढलाय म्हण, म्हणजे तुला कळेल. आधी डोळे गेलेत, आता झटका येईल. झटक्यात एक नाही, दोन जातील."

"लेकाला विचारल्याशिवाय मी त्याची बायको गावाबाहेर धाडू?"

"विचार मग."

फोन लावला. लेक उचलेना. तो कामावर असेल. पुन्हा लावला. तोक्तोबुबूचा जीव खरंच दोन्हीकडे ओढला जात होता. वाईट बाई नव्हती ती. फक्त तिच्या एका बाजूला सून होती आणि दुसऱ्या बाजूला न जेवलेले पाहुणे, आणि या तराजूचा काटा पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजूला झुकायचा.

"मेंढी उतरवू दे," ती शेवटी म्हणाली. "अर्धा तास. पाहुण्यांना उपाशी उठवलं असं आयुष्यभर ऐकून घेऊ का मी?"

मेंढी शिजायच्या आत बेगायिम आडवी झाली. डोळे एका बाजूला फिरले, जबडा आवळला, हात आधी ताठ झाले आणि मग सगळं अंग चुलीवरच्या झाकणासारखं थडथडू लागलं. ओठ निळे पडले.

"अल्बार्स्ती!" साकिश किंचाळली. पाहुणचाराचा प्रश्न तिथल्या तिथं सुटला.

आणि मग गावानं जी चपळाई दाखवली, ती रस्त्यावरचा बर्फ काढायच्या वेळी कुणी पाहिली नव्हती. पाच मिनिटांत घराघरांतून पुरुष निघाले. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या हातात काठी. गावप्रमुख स्वतः गवत उचलायचा काटा घेऊन आला. दाराशी थांबून आत काय चाललंय असं एकानंही विचारलं नाही. सगळे थेट घरामागच्या ओढ्यावर जाऊन उभे राहिले, दहा-दहा पावलांवर एक.

आत एक जाऊ बेगायिमच्या दातांत लाकडी चमचा कोंबत होती.

"काढ तो!" कालीपा ओरडली. "दात तिचे आहेत, तिच्याकडेच राहू देत. धरून दाबू नका. डाव्या कुशीवर वळवा. उशी काढा, डोकं आपटेल असं सगळं बाजूला करा. बस."

सव्वा मिनिटानं झटका ओसरला. पोरगी घोरल्यासारखा श्वास घेऊ लागली. कालीपानं तोंडातला फेस पुसला, हातावर शीर शोधली आणि मॅग्नेशियम द्यायला सुरुवात केली. हे औषध घाईत देता येत नाही. पंधरा मिनिटं लागतात, आणि त्या पंधरा मिनिटांत बाई मरत नसल्याचं नाटक सुईवाल्या बाईनं करायचं असतं.

छपरावर बंदुकीचा बार झाला. मग सार्तबाय चाबूक घेऊन आत आला.

"कुठाय ती?"

"माझ्या सुईखाली. आणि बूट काढा, आके."

"तीन फटके द्यावे लागतात, कालीपा. चालच आहे ती."

"द्या की. गादीला द्या. पोरीला लागला तर शुक्रवारी मागचं दार बंद असेल."

सार्तबायनं बूट काढले आणि गादीला तीन फटके मनापासून दिले. धूळ उडाली. तोक्तोबुबू भिंतीला टेकून रडत होती. साकिशला बयेची सावली खिडकीतून जाताना दिसली, असं तिनं तेव्हाच सांगून टाकलं.

अर्धं औषध गेल्यावर कालीपानं तोक्तोबुबूला आपला फोन कानाशी धरायला लावला. पलीकडे जिल्ह्याचे डॉक्टर ओमुरकुलोव होते.

"झटका आला. आठवा महिना. मॅग्नेशियम चालू केलंय. ऑपरेशनची तयारी ठेवा, मी आणतेय."

"कुणाच्या आदेशानं चालू केलंत?"

"झटक्याच्या."

"एजे, नियमानुसार आधी मला विचारायला हवं होतं. मी आदेश दिलेला नाही."

"मग आता द्या, आठ मिनिटांपूर्वीचा. आणि रुग्णवाहिका?"

"तिला टायर नाहीत. आणि तुमच्याकडे पूल नाही."

हे मात्र खरं होतं. गेल्या उन्हाळ्यातल्या पुरात पूल वाहून गेला होता. नव्या पुलाचं उद्घाटन झालं होतं; फक्त पूल व्हायचा होता. तोवर गाड्या गावाखालच्या उतारावरून, नदी जिथं पसरट होते तिथून, पाण्यातूनच पलीकडे जात. मार्चमध्ये तिथं कंबरेइतकं पाणी आणि त्यात बर्फाच्या लाद्या. दोर बांधून दहा-बारा माणसांनी ढकलल्याशिवाय सार्तबायची गाडीही तिथं अडकायची.

औषध संपलं. रक्तदाबाची गोळी जिभेवर ठेवावी एवढीही शुद्ध पोरीला नव्हती. कालीपा उठली.

"आके, गाडी दाराशी लावलीय ना? आता इथं बसा आणि हिचे श्वास मोजा. मिनिटाला बारापेक्षा कमी झाले तर मला हाक मारा."

"मी? मी बया हुसकायला आलोय."

"मी तुमचा रक्तदाब मोजते ना दर शुक्रवारी, तसंच समजा."

सार्तबायनं जपमाळ काढली आणि एकेका श्वासाला एकेक मणी ओढू लागला. घड्याळ बघत होता, ओठ हलत होते. "सोळा," तो मोठ्यानं म्हणाला. "कालीपा, सोळा!" चाबूक मारतानाचा आवाज वेगळा होता. या आवाजात भीती होती.

ओढ्यावर सतरा माणसं उभी होती. कालीपानं मोजली. सतरा, म्हणजे गाडी नुसती ढकलायला नाही, उचलून न्यायला पुरतील एवढी.

"चला रे उतारावर. दोर घ्या. गाडी पलीकडे काढायचीय."

कुणी हललं नाही.

"एजे, आम्ही इथून हललो की ती फुप्फुस बुडवणार," गावप्रमुख म्हणाला. त्याच्या बोलण्यात दयाच होती. अडाण्याला समजावतात तशी.

"अरे, फुप्फुस तिच्या छातीतच आहे. आत्ता मिनिटाला सोळा वेळा वर-खाली होतंय. जिल्ह्याला नेलं तर होत राहील."

"तुमचं शिक्षण आम्हाला मान्य आहे, एजे. तुम्ही आत बघा, आम्ही बाहेर बघतो."

"पुन्हा झटका आला तर मरेल ती! तासाभरात पोट कापून मूल काढायला हवं."

"म्हणूनच तर उभे आहोत," एक तरुण म्हणाला. त्याचे ओठ थंडीनं फाटले होते. काठी त्यानं दोन्ही हातांत घट्ट धरली होती. तो खोटं बोलत नव्हता. सतराच्या सतरा जणांना बेगायिम जगायला हवी होती. एवढी माणसं एका बाईच्या जिवासाठी एवढ्या निष्ठेनं चुकीच्या जागी उभी राहिलेली कालीपानं पाहिली, आणि तिला पहिल्यांदा रागही येईना.

घरातून आवाज आला, "चौदा!"

सोळा, मग चौदा. कालीपाकडे वाद घालायला दोन श्वास उरले होते. एकतीस वर्षं ती या गावात एकच गोष्ट सांगत आली होती, बारशात, सुतकात, बैठकीत, हसून, शिव्या घालून: अशी कुणी बया नाही. लोक ऐकत नव्हते, पण ती सांगते एवढं त्यांना ठाऊक होतं. तिच्याकडे दागिना म्हणावा असा तेवढाच होता.

"ती इथं नाहीच," कालीपा म्हणाली. "उतारावर गेली."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुम्ही जिच्यासाठी उभे आहात ती."

गावप्रमुखाच्या हातातला काटा खाली आला. "तुम्ही पाहिलं?"

"पाहिलं."

"एजे, तुम्ही तर मानत नाही."

"मानत नव्हते." ती हे इंजेक्शन द्यावं तसं बोलली, एका दमात, शीर सापडली की थांबायचं नसतं. "फुप्फुस घेऊन नदीकडे पळाली. ओढ्यात बुडवत नाहीत ते, नदीत बुडवतात. पोरगी तिच्या मागोमाग पलीकडे पोचली तर सुटली. पळा!"

सतरा माणसं पळाली. कालीपानं मागं वळून पाहिलं नाही. कालीपा एजेनं पाहिलं म्हणजे आता शंकेला जागाच नव्हती. बाकी सगळे तर रोजच पाहत.

उतारावर त्यांनी ठरल्यासारखं काम केलं. कंबरभर पाण्यात शिरले, दोर बांधला, बर्फाच्या लाद्या फावड्यांनी फोडल्या आणि बयेला आईबहिणीवरून शिव्या घालत गाडी रेटली. गाडीत बेगायिम डाव्या कुशीवर. शेजारी कालीपा, एक हात पोरीच्या छातीवर. कॅल्शियमचं इंजेक्शन तिनं गोठू नये म्हणून काखेत धरलं होतं. दर थोड्या वेळानं ती गुडघ्याखाली ठोकून बघे. पाय आता उडत नव्हता, नुसता हलत होता. हलतोय तोवर ठीक. थांबला की औषध विष झालं. मधोमध गाडी थांबली, पाणी दारातून आत आलं, सार्तबायनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"ढकला!" तो बाहेर ओरडला. "ती आत बसलीय रे गाडीत!"

हे त्यानं आपल्या मनानंच घातलं होतं. गाडी लाथ बसल्यासारखी पुढं गेली.

दवाखान्यात मुलगी झाली, पावणेदोन किलोची. ओमुरकुलोव डॉक्टरांचा हात चांगला होता; फक्त त्या हातात पेन आलं की बिघडायचा. बेगायिमला दोन दिवस काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, मेंदूला सूज आहे, ओसरेल. झटका बाळंतपणानंतरही येतो, म्हणून एक दिवस आणि एक रात्र औषध चालूच होतं, आणि कालीपा गुडघा ठोकत बसून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बेगायिम छताकडे बघत म्हणाली, "एजे, तिथं भेग आहे."

"आहे. बरीच जुनी आहे."

"आणि तुम्ही केवढ्या म्हाताऱ्या दिसता."

"दिसायला लागलं म्हणायचं," कालीपा म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड फिरवून तिनं नाक शिंकरलं.

आठवड्यानं तिच्याकडे खुलासा मागण्यात आला. आदेशाशिवाय औषध का दिलं. तिनं खुलाशात झटक्याची वेळ लिहिली, डॉक्टरांनी फोन उचलल्याची वेळ लिहिली, आणि दोन्ही वेळांच्या मधे काय करायला हवं होतं ते कृपया कळवावं असं लिहिलं. उत्तरादाखल ताकीद आली. पूल का नाही, याचा खुलासा मात्र कुणी मागितला नाही. मागायची गरजही नव्हती. गावात तोवर सगळ्याचा खुलासा झाला होता.

चाळीस दिवस पुरे झाले, तेव्हा तोक्तोबुबूनं बाळाच्या अंघोळीचं जेवण घातलं. चाळीस चमचे पाणी बाळावर ओतलं गेलं. मेंढी या वेळी पूर्ण शिजली होती. घर भरलं होतं, ओढ्यावरचे सतराही होते. 'मीही होतो' म्हणणारे धरून आता ते पस्तीस झाले होते. सार्तबायला मानाच्या जागी बसवून त्याच्यापुढे मेंढीचं डोकं ठेवलं होतं. बेगायिम कोपऱ्यात बाळ घेऊन बसली होती. रोज एक गोळी घेत होती. कालीपा आल्याबरोबर तिनं स्वतःहून बाही वर सरकवली होती.

"पुढच्या खेपेला मुलगा," एक जाऊ म्हणाली.

"पुढच्या खेपेला तिसऱ्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी माझ्याकडे," कालीपा म्हणाली.

"त्याची आता काय गरज?" तोक्तोबुबू प्रेमानं म्हणाली. "ती बया परत यायची नाही या घरात. तू स्वतः पाहिलीस ना जाताना." ती पाहुण्यांकडे वळली. "मी घाबरले होते हो. म्हटलं, चार दिवस पोरीचं डोकं दुखलं म्हणे, आपलंच तर काही चुकलं नाही ना. पण कालीपानं डोळ्यांनी पाहिलं म्हटल्यावर जिवावरचा दगड उतरला."

माना डोलल्या. कालीपानं त्या एकामागून एक डोलताना पाहिल्या. बया होती म्हटल्यावर चार दिवसांची डोकेदुखी नव्हती. आवाजावर ओतलेला चहा नव्हता. टायर असल्यासारखे होते, पूल असल्यासारखा होता, फोनवरचा आदेशही वेळेवर मिळाल्यासारखा होता. सगळ्यांची निर्दोष सुटका झाली होती, आणि ती एका साक्षीवर झाली होती.

"पण एजे, तुम्ही पुरतं सांगितलंच नाहीत," साकिश पुढं सरकली. साय तिनं केव्हाच माफ केली होती. "कशी होती? पिवळी की काळी? पिवळी नुसती छळते. काळी म्हणजे जीवच घेते."

चमचे थांबले. गावप्रमुख हातावर टेकून वाकला. बेगायिम बाळाला थोपटायचं विसरून कालीपाकडे बघत होती, दोन्ही डोळ्यांनी, स्वच्छ.

शेजारी सार्तबायनं मेंढीच्या डोक्यावरचा कान कापला आणि मान वर न करता, फक्त कालीपाला ऐकू जाईल असं म्हणाला, "काळी सांग, पोरी. श्वास मीच मोजलेत, मला ठाऊक आहे सगळं. पण पूल यंदाही होत नाही. काळी म्हणालीस तर पुढच्या पोरीच्या वेळी तीस जण पाण्यात उतरतील. नाही म्हणालीस तर तीनही नाहीत."

कालीपानं त्याच्याकडे पाहिलं. मग बेगायिमकडे. एकतीस वर्षांत या गावानं तिला पहिल्यांदा प्रश्न विचारला होता आणि उत्तर ऐकायला तोंड मिटलं होतं. ती या शांततेसाठी बैठकांमधून उभी राहिली होती, उंबरठ्यांवर बसली होती, घसा फोडून घेतला होता. आता ती आयती समोर होती, पस्तीस माणसांची, ताटातल्या चरबीसारखी थिजत चाललेली.

"एजे?" साकिश म्हणाली. "पिवळी की काळी?"

कालीपानं डोक्याला रुमाल बांधला. पिशवी डाव्या खांद्यावर घेतली. दाराशी पस्तीस जोड्यांतून आपले रबरी जोडे शोधायला तिला थोडा वेळ लागला. ते सापडले, तिनं ते चढवले, आणि एक शब्द न बोलता ती बाहेर पडली.